ऑफ तासाचा सोपा उपक्रम

सातवी ब मध्ये वर्गमंत्र्याची निवडणूक घ्यावी, ही कल्पना बन्यामीन उजगरे सरांना रविवारी दाढी करताना सुचली. उपक्रम अगदी सोपा होता. चाळीस चिठ्ठ्या, बुटाचं एक रिकामं खोकं आणि अर्धा तास. शुक्रवारी दुपारी त्याच निवडणुकीपायी ते दौंड तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर उभे होते, त्यांच्या पँटला काकवी लागली होती आणि उत्तर प्रदेशातला एक कामगार हात जोडून त्यांना सांगत होता, की वोटर लोग को छोडने का ऑर्डर नहीं है. मधल्या पाच दिवसांत काय काय झालं, हे आजही कुणी विचारलं तर उजगरे सर आधी पाणी मागतात.

चिंचओढ्याच्या हायस्कुलातल्या नागरिकशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागेवर उजगरे सर महिनाभरासाठी आले होते. अशा जागांचा त्यांना दांडगा सराव होता. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोडलेला पाय, कुणाची कावीळ. शिरूर तालुक्यातल्या मास्तरांच्या दुखण्या-खुपण्यावर त्यांचा संसार चालला होता असं म्हटलं तरी चालेल. एखादे गुरुजी पायऱ्या उतरताना घसरले की त्यांना आधी वाईट वाटायचं आणि मग आपल्याला नुसतं वाईटच वाटलं नाही याची लाज वाटायची. पोरं त्यांना 'बदली सर' म्हणत. नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे, कारण नाव पाठ होईस्तोवर मूळ सर पायाचं प्लास्टर काढून हजर होत. एका शाळेत तर स्नेहसंमेलनात आभार मानताना 'मंडपवाले, स्पीकरवाले आणि बदली सर' असं म्हटलं गेलं होतं. हे त्यांना फार लागलं होतं. मंडपवाल्याचं निदान मंडपावर तरी नाव लिहिलेलं होतं.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. येत्या जूनमध्ये चिंचओढ्याला एक जागा कायमची रिकामी होणार होती. मुख्याध्यापक कुलथे सरांनी त्यांना पहिल्याच दिवशी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "उजगरे, सातवी ब हा वर्ग माझं ब्लडप्रेशर आहे. महिनाभर या वर्गाचा आवाज माझ्या कानावर आला नाही, तर जूनच्या जागेसाठी तुमचं नाव संस्थेकडे पाठवतो. आला, तर तुम्ही आणि मी दोघांनी एकमेकांना विसरायचं."

झालं. त्या दिवसापासून उजगरे सरांना एकच ध्यास लागला. ऑफ तासाला, म्हणजे ज्या तासाला शिकवायला कुणी नसतं आणि गप्प बसवायला कुणीतरी लागतं त्या तासाला, पोरांना गुंतवून ठेवणारे सोपे उपक्रम.

सल्ले द्यायला माणसं कमी नव्हती. शिरूरला मिशन कंपाउंडात ते राहत, तिथे शेजारी जॉनकाका. जॉनकाका एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त. जगातली कुठलीही गोष्ट शिट्टीनं ताळ्यावर येते असं त्यांचं मत. "दोन लांब, एक आखूड. स्टँडवरची अख्खी जत्रा गप्प बसवली मी." शाळेतले पीटीचे संपत सर म्हणाले, "डोकी बाकावर ठेवायला लावा आणि तुम्ही पण ठेवा. पंचवीस वर्षं काढली मी अशी." सरांची बायको दबोरा सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पोरांना काहीतरी करायला द्या. रिकामा पेशंट जास्त कण्हतो."

हे सरांना पटलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी नाव-गाव-फळ-फूल घेतलं. अक्षर आलं 'फ'. फळाच्या रकान्यात एकानं 'फुले दोनशे पासष्ट' लिहिलं. ही उसाची जात आहे, फळ नाही, असं सर म्हणताच अर्धा वर्ग उसाच्या बाजूनं उभा राहिला आणि दोघांची गचांडी धरून झाली. दुसऱ्या आठवड्यात अंताक्षरी घेतली. मागच्या बाकावरच्या पोरानं तमाशाच्या बारीतलं असं काही गाणं उचललं, की सर ऐकतच राहिले आणि ते संपायच्या आत दारात कुलथे सर उभे होते. गाणं म्हणणारा थांबला नाही, उलट त्यानं कुलथे सरांकडे बघून पुढची ओळ हातवाऱ्यांसह म्हटली. कुलथे सर एवढंच म्हणाले, "आवाज पोचला."

म्हणून निवडणूक. चिठ्ठ्या लिहायला आवाज लागत नाही. शिवाय पुस्तकात ग्रामपंचायतीचा धडा होताच. सोमवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'वर्गमंत्री निवडणूक, शुक्रवार, चौथा तास,' आणि विचारलं, "कोण उभं राहणार?"

वर्ग एकदम गप्प झाला. सरांना वाटलं, काय सुंदर उपक्रम सापडला! त्यांच्या हे लक्षातच आलं नाही, की पोरं गप्प बसली नव्हती, विचारात पडली होती.

चिंचओढा हे घोड नदीच्या काठचं गाव. बागायती, कांदा-ऊस भरपूर, आणि दोन गोष्टींचा षौक, बैलगाडा आणि निवडणूक. त्यात ग्रामपंचायतीची निवडणूक चार महिन्यांवर आलेली. अशा गावात मधेच कुणी निवडणूक म्हटलं की काय होतं, हे शिरूरात वाढलेल्या, सोसायटीच्या निवडणुकीलाही कधी न गेलेल्या माणसाला कसं कळावं?

उभे राहिले दोघं. एक पप्पू, सरपंच सोपानरावांचा मुलगा. दुसरी हर्षदा, म्हाळू आबांची नात. म्हाळू आबा म्हणजे तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी फिरलेला माणूस. आता पाटाच्या पाण्यावर कांदा करायचे, आणि गावातल्या सगळ्या धनगरवाड्याचा शब्द त्यांच्याकडे. सोपानराव आणि आबा यांच्यात गेली दहा वर्षं विस्तव जात नव्हता. हे सरांना मंगळवारी कळलं, ते टपरीवर चहा पिताना.

"काय मास्तर, चिन्ह दिलं का पोरास्नी?" टपरीवाला म्हणाला.

"चिन्ह कशाला? नावं लिहायचीत चिठ्ठीवर."

टपरीवाल्यानं गाळणी खाली ठेवली. "चिन्हाबिगर निवडणूक? आवो, मग परचार कशाचा करायचा?"

तोपर्यंत बाकावरचे चौघं सरकत सरकत जवळ आले होते. एक म्हणाला, मतदार यादी देवळावर लावा. दुसरा म्हणाला, हरकती मागवा, नाहीतर निकालानंतर कोर्टात जातील. तिसऱ्यानं अर्ज माघारीची वेळ विचारली. चौथा मात्र सरांच्या चहाचे पैसे देऊन गेला. तो पप्पूचा चुलता होता, हे सरांना उशिरा कळलं. निवडणूक अधिकाऱ्यानं उमेदवाराच्या चुलत्याचा चहा घेतला, ही बातमी ते शाळेत पोचायच्या आत पोचली आणि हर्षदानं उभं राहून सर्वांसमोर विचारलं, "सर, तुमी चहा कुनाचा पिला?" उजगरे सरांना आयुष्यात कुणी लाचखाऊ म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टपरीवर जाऊन चहाचे पैसे परत दिले, तर टपरीवाला दुखावला.

चिन्हं दिली. दोघांनाही ट्रॅक्टर हवा होता. छापा-काटा करून तो पप्पूला गेला आणि हर्षदाच्या वाट्याला बादली आली. बुधवारी सकाळी सर एसटीतून उतरतात तो शाळेच्या फाटकाला खरा ट्रॅक्टर लावलेला आणि त्यावर पप्पूचा फोटो. पलीकडे लिंबाच्या झाडाला नवीकोरी बादली टांगलेली, जाणारे-येणारे तिला टपली मारून जात होते. अकरा वाजता छोट्या टेम्पोवर भोंगा लावून कुणीतरी ओरडायला लागलं, "सातवी बच्या तमाम मतदार बंधू-भगिनींनो!"

कुलथे सर बाहेर आले.

"उजगरे, हा भोंगा परवानगीनं लागलाय की बिनपरवानगीनं?"

"मला कल्पना नाही, सर."

"निवडणूक अधिकारी तुम्ही ना? मग एक तर पोलीस ठाण्याची परवानगी आणा, नाहीतर भोंगा उतरवा."

सरपंचाचा भोंगा उतरवायला सांगणं सरांच्या जिवावर आलं, म्हणून ते परवानगी आणायला गेले. ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज पुढं ओढला. कुठली निवडणूक? सातवी ब. प्रभाग नाही, वर्ग. मतदार किती? चाळीस. सरासरी वय? बारा. इथे हवालदारांनी पेन बंद केलं आणि सरांकडे नीट निरखून पाहिलं. मग आतून साहेबांना बोलावून आणलं आणि म्हणाले, "सायेब, हे परत सांगा म्हना ह्यांना." सरांनी तीनदा सांगितलं. ठाण्यात त्या दिवशी जरा मरगळ होती, ती गेली. परवानगी काही मिळाली नाही. मान खाली घालून ते परतले तोवर भोंग्याची बॅटरी उतरली होती, तेवढाच काय तो दिलासा.

गुरुवारी सगळं शांत होतं. इतकं शांत, की कुलथे सर स्वतः वर्गावरून दोनदा गेले. पोरं आपसात कुजबुजत होती आणि सर आत आले की पुस्तकं उघडत होती. उजगरे सर संध्याकाळी दबोराला म्हणाले, "उपक्रम रुळावर आला बघ." दबोरा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "गप्प पोरं बघून मला भीती वाटते, तुम्हाला कसं काय बरं वाटतं?"

शुक्रवारी सकाळी हजेरी घेताना अकरा पोरं गैरहजर निघाली.

सरांनी पुन्हा हजेरी घेतली. अकराच. प्रगती नाही, म्हसू नाही, ब्लेसी नाही. त्यातलं एकही पोर पप्पूच्या भावकीतलं नव्हतं की आबांच्या वाड्यातलं नव्हतं. अधलीमधली, कुणाच्याच बाजूला नसलेली पोरं होती सगळी. पप्पू पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. मतदानाच्या दिवशी इतका निर्धास्त उमेदवार सरांनी पाहिला नव्हता, म्हणजे तसा त्यांनी कुठलाच उमेदवार पाहिला नव्हता.

तेवढ्यात प्रगतीची आजी, रतनबाई, पोरीचा डबा घेऊन आली. "सर, डबा इसरली बया पोरगी. कवा यायची तुमची सहल?"

"कसली सहल?"

"आवो, पहाटं जीपगाडी आली न्हवं न्यायला. बदली सरांनी सहल काढलीया म्हनली."

अकरा पोरं पहाटे कुणाच्या तरी जीपमध्ये बसून गेली होती, त्यांच्या नावावर, आणि कुठे गेली ते त्यांना ठाऊक नव्हतं. नोकरी, जून, संस्था, सगळं डोक्यातून पुसून गेलं. त्यांना फक्त घोड नदीचं पात्र दिसायला लागलं, नगर रोडवरचे ट्रक दिसायला लागले. रतनबाईनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिनं जो टाहो फोडला, तो कुलथे सरांच्याच काय, अख्ख्या गावाच्या कानावर गेला.

दहा मिनिटांत पटांगण भरलं. आया रडत होत्या, बाप सरांच्या दिशेनं सरकत होते. कुलथे सर केबिनमध्ये खुर्चीत बसून स्वतःची नाडी बघत होते. गर्दीतून म्हाळू आबा काठी टेकत पुढं आले. त्यांनी वर्गात डोकावून कोण कोण नाही ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "रडू नगा गं. पोरं कुटं जात न्हाईत. त्यास्नी सहलीवर नेलंय."

हे ऐकताच आया गप्प झाल्या. बापही थबकले. सगळ्यांना एकदम उलगडा झाला होता, एकट्या उजगरे सरांना सोडून. मग पीटीच्या संपत सरांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. या भागात सरपंचावर अविश्वास ठराव आला किंवा उपसरपंचाची निवड असली, की ज्याच्या हातात जीप तो काठावरचे सदस्य उचलतो आणि मतदानाच्या घटकेपर्यंत लांब कुठंतरी नेऊन ठेवतो. खायला-प्यायला घालतो, मतदानाला थेट दारात आणून सोडतो. त्याला सहल म्हणतात. "गेल्या वर्षी सोपानराव सरपंच झाले ते कसे? चार सदस्य आठ दिवस गोव्यात होते. पोरांनी बघितलंय की हो सगळं."

"पण ही पोरं आहेत हो! बारा वर्षांची!"

"मतदार हायेत," संपत सर म्हणाले.

सोपानराव तोवर आले होते. त्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पप्पूला उजगरे सरांजवळ बाजूला ओढलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण उजगरे सरांनी शपथेवर सांगितलं असतं की थोडं कौतुकही होतं.

"कुटं नेल्यात रं?"

"मामाकडं," पप्पू म्हणाला. "गुऱ्हाळावर. चौथ्या तासाला आणून सोडणार हाय त्यो. म्या समदं ठरवलंय."

मामाचा फोन लागत नव्हता. सोपानरावांनी उजगरे सरांना आपल्या जीपमध्ये घातलं आणि गाडी दौंडच्या रस्त्याला लावली. न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर सोपानराव फक्त एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमच्या जागी म्या असतो तर पळून गेलो असतो."

पप्पूचा मामा खंडू. भाचा उभा आहे म्हटल्यावर मामानं हातपाय हलवायला नकोत का? त्यानं आपल्या परीनं सगळं रीतसर केलं होतं. पोरांना कडक ताकीद होती, की मतदानापर्यंत गुऱ्हाळाच्या हद्दीबाहेर जायचं नाही. फाटकावर दोन कामगार बसवले होते आणि स्वतः मामा डिझेल आणायला दौंडला गेला होता. म्हणून ते वोटर लोगांचं प्रकरण झालं. सरांनी सांगून पाहिलं की मी त्यांचा शिक्षक आहे. कामगार म्हणाला, "मास्टरजी, सामनेवाली पार्टी भी यही बोलेगी." शेवटी सोपानरावांनी मेहुण्याच्या नावानं अशी काही शिवी हासडली, की कामगारांना घरचा माणूस असल्याची खात्री पटली आणि फाटक उघडलं.

आत अकरा मतदार उसाच्या चिपाडांवर आडवे पडले होते. पहाटेपासून त्यांनी रस, काकवी आणि गरम गूळ याशिवाय काही खाल्लं नव्हतं. हात, केस, दप्तरं, सगळं चिकट. ब्लेसी सरांना बघून उठली आणि त्यांच्या पँटला धरून रडायला लागली. सरांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. अकरा. मग ते तिथंच रस उकळत असलेल्या काहिलीशेजारी बसले आणि त्यांना स्वतःलाच रडू आलं. काहिलीशेजारी फार वेळ बसता येत नाही, म्हणून लगेच उठले.

परतीचा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. काकवी पोटात किती वेळ राहते हे प्रत्येकाच्या प्रकृतीवर असतं, आणि अकरा पोरांच्या अकरा प्रकृती होत्या. जीप दर मैलाला थांबत होती. एका थांब्यावर प्रगती तोंड धुऊन सरांजवळ आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"सर, आमी लई अडकलो."

"आता काय झालं?"

"काल सांजच्याला हर्षदानं आमाला खंडोबाच्या देवळात नेलं. बेल-भंडारा उचलून शपत घ्यायला लावली, की पप्पूला मत देनार न्हाई. आन् आज मामानं गुळाच्या ढेपेवर हात ठिवायला लावला, की हर्षदाला मत देनार न्हाई. भंडारा उचलल्यावर मोडता येत न्हाई सर. आन् मामाचा गूळ बी खाल्लाय आमी." ती हुंदके द्यायला लागली. "आता कुनाला द्यायचं?"

उजगरे सर लहानपणापासून चर्चमध्ये जाणारे. असला धर्मसंकटाचा प्रश्न त्यांना पास्टरांनीही कधी घातला नव्हता. ते म्हणाले, "देऊ नकोस कुणालाच. कोरी टाक." पण त्यांचं लक्ष नव्हतं. शाळा दिसायला लागली होती.

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आयांनी पोरं ओढून घेतली, तपासली, दोन फटके दिले, पुन्हा छातीशी धरली. कुलथे सर पुढं आले. "हा प्रकार कुणी केला? मला नाव पाहिजे. आत्ता."

सोपानरावांनी पप्पूची मानगूट पकडली. सगळ्या गावासमोर त्यांनी कमरेचा पट्टा काढला. पोराचा सकाळचा सगळा रुबाब उतरला होता. त्यानं डोळे गच्च मिटले आणि उजगरे सरांच्या तोंडून शब्द गेले.

"सहल मी काढली होती."

पट्टा वरच्या वर राहिला.

"क्षेत्रभेट," सर म्हणाले. "गुऱ्हाळाला. उपक्रमाचा भाग म्हणून. मुलांची चूक नाही. पालकांना कळवायला हवं होतं, ते राहिलं."

सोपानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. जीपमधून सोबत गेलेल्या त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. त्यांनी पट्टा खाली केला आणि हळूहळू कमरेला बांधला.

"परवानगी?" कुलथे सरांनी विचारलं.

"घेतली नाही."

"उजगरे, उद्यापासून येऊ नका."

झालं. अर्ध्या तासाच्या सोप्या उपक्रमानं जूनची जागा खाल्ली. सरांना धक्का बसला तो याचा नाही, तर आपण इतकं सहज खोटं बोललो याचा. ते आपली पिशवी घ्यायला वळले. पण म्हाळू आबांनी काठी आडवी घातली.

"मास्तर, मतदान?"

"आता कसलं मतदान, आबा?"

"असं कसं? अर्ज भरल्यात, परचार झालाय, मतदार आल्यात. मतदान झाल्याबिगर अधिकारी जातोय व्हय कुटं?" आणि गंमत म्हणजे दहा वर्षांत पहिल्यांदा सोपानराव आबांच्या बाजूनं बोलले. "बरुबर हाय त्यांचं. खोकं आना."

खोकं आणलं. पटांगणातच, लिंबाखाली, पोरं एकेक करून गेली, हातानं आडोसा करून लिहिलं, चिठ्ठी टाकली. गाव टाचा उंचावून बघत होतं. मतदानाला आवाज लागत नाही, हा सरांचा अंदाज शेवटी खरा ठरला, पण ती शांतता ऐकायची सोडून कुलथे सर कपाळाला रुमाल लावून आत बसले होते.

मोजणी सुरू झाली. सर चिठ्ठी उघडत, मोठ्यानं वाचत, संपत सर फळ्यावर रेघ ओढत. पप्पू. हर्षदा. हर्षदा. पप्पू. पाचवी चिठ्ठी उघडून सर थांबले.

"वाचा की मास्तर!"

"उजगरे सर," त्यांनी वाचलं.

लोकांना वाटलं, सर स्वतःलाच काहीतरी म्हणाले. पुढची चिठ्ठी. "उजगरे सर." तिच्या पुढची. "उजगरे सर." त्यांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. त्यांना वाटलं, सातवी ब मध्ये या नावाचं दुसरं कुणी आहे की काय! संपत सरांनी हळूच फळ्यावर तिसरा रकाना पाडला.

पप्पू नऊ. हर्षदा बारा. उजगरे सर एकोणीस.

सोपानरावांचा पहिला धक्का वेगळाच होता. "नऊ? आरं, आमच्या भावकीचीच तेरा पोरं हायेत वर्गात! फुटली कोन?" मग त्यांचं लक्ष तिसऱ्या रकान्याकडे गेलं आणि ते तिथल्या रेघा मोजायला लागले.

सर फळ्यासमोर उभे होते. अकरा मतं समजण्यासारखी होती. भंडारा आणि गूळ यांच्यात सापडलेल्या पोरांना तिसरं नाव हवं होतं, त्यांनी घेतलं. पण उरलेली आठ? त्या आठांना कसलीही शपथ नव्हती. त्यांना कुणी गूळ चारला नव्हता. त्यांनी नुसतंच लिहिलं होतं. आणि एकानंही 'बदली सर' लिहिलं नव्हतं.

मग ते लोकांकडे वळले. "उमेदवार नसलेल्या व्यक्तीचं नाव लिहिलेली चिठ्ठी बाद होते. ही एकोणीस मतं बाद. हर्षदा निवडून आली."

एकच गलका झाला. आबा नातीचा विजय विसरून ओरडले, "आवो, अर्ज न्हाई भरला म्हनून काय झालं? पोरांनी निवडून दिलाय न्हवं?" कुणी फेरमोजणी मागितली, कुणी युती सुचवली. पण सर ढिम्म हलले नाहीत. त्यांनी एकेक चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर लाल पेनानं 'बाद' लिहिलं, एकोणीस वेळा.

गर्दी पांगायला लागली तेव्हा सोपानराव कुलथे सरांच्या केबिनमध्ये शिरले. दार उघडंच होतं.

"कुलथे सर, एकोनीस पोरं म्हंजी एकोनीस घरं. चार महिन्यांवर पंचायत आलीया. त्या घरांच्या मास्तरला तुमी आज काढनार, आन् मत मागायला दारात कुनी जायाचं? म्या?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "आन् माज्या पोराचा मार त्यानं स्वताच्या अंगावर घेतला. त्ये बी धरा."

सोमवारपासून उजगरे सरांनी नेहमीप्रमाणे यावं आणि जूनच्या जागेसाठी त्यांचं नाव जावं, असं ठरलं. कुलथे सरांची एकच अट होती, उपक्रम बंद. उजगरे सरांनी ती दोन्ही हातांनी मान्य केली.

शनिवारी सकाळी दबोरानं काकवीचे कपडे भिजत घातले. थोड्या वेळानं न्हाणीतून तिची हाक आली. "अहो! शर्टाच्या खिशात हे काय? सगळे कागद भिजले की!"

सर धावत गेले. तिच्या ओंजळीत चिठ्ठ्यांचा ओला गोळा होता. लाल शाई पसरून सगळं गुलाबी झालं होतं.

"काय आहे हे?"

"बाद मतं."

"मग टाकून देऊ?"

सरांनी तो गोळा तिच्या हातातून घेतला. एकेक चिठ्ठी नखानं सोडवायला लागले. कुठल्या अकरा आणि कुठल्या आठ, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. दबोरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नको," ते म्हणाले. "वाळत घाल."